चहा टाकण्यापूर्वी

एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये आपण रायफल खोलून पुन्हा जोडायला शिकतो. बूट आरशासारखे चमकवतो, चादरीला एकही सुरकुती न ठेवता पलंग लावतो. पण सुट्टीत घरी गेल्यावर कोणी "चहा टाक रे" म्हटलं, की आपल्यातले निम्मे कॅडेट गॅससमोर 'सावधान'मध्ये उभे राहतात. सहावीपासून होस्टेलवर राहिल्याचा हा परिणाम. मेसमध्ये चहा मगात तयार मिळतो, तो होतो कसा हे बघायची वेळच येत नाही. हा लेख त्या निम्म्यांसाठी.

आधी पूड ओळखा. आपल्या घरांत जी बारीक दाण्यांची पूड असते, तिला सी.टी.सी. म्हणतात. चहाचं पान यंत्रात चिरडतात, फाडतात आणि त्याचे गोल दाणे वळतात. हे यंत्र १९३०च्या सुमारास आसाममधल्या अमगुरी बागेत विल्यम मॅकर्चर यांनी काढलं. दाणा लहान, म्हणून तो पाण्यात लवकर उतरतो, रंग गडद येतो आणि दूध घातलं तरी चव मागे पडत नाही. लांब पानांचा दार्जिलिंग चहा मात्र दुधात उकळू नका. तो उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं झाकून ठेवायचा आणि कोराच प्यायचा. महागाची पानं पातेल्यात खळखळ उकळणं म्हणजे परेडच्या बुटांनी फुटबॉल खेळणं.

आता माप. दोन माणसांच्या चहाला सव्वा कप पाणी, पाऊण कप दूध, पुडीचे दोन सपाट लहान चमचे आणि साखर आवडीप्रमाणे. म्हशीचं दूध असेल तर ते थोडं कमी घ्या आणि तेवढं पाणी वाढवा. चहा बनवण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे, हे वाचून मला गंमत वाटली. आय.एस.ओ. ३१०३ असा त्याचा क्रमांक. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि बरोबर ६ मिनिटं. पण ते चहा पारखणाऱ्यांसाठी आहे, जगात कुठेही दोन चहांची तुलना सारखीच व्हावी म्हणून. आपल्याला तराजू लागत नाही, दररोज तोच चमचा आणि तोच कप वापरला की झालं.

खरं कौशल्य क्रमात आहे. पाणी ठेवलं की त्यातच ठेचलेलं आलं आणि साखर टाका. गवती चहा असेल तर तोही आत्ताच. पाण्याला चांगली उकळी आली की पूड घाला, आच कमी करा आणि दोन मिनिटं उकळू द्या. मग दूध. चहा वर आला की आच मंद करून खाली बसू द्या, असं दोनदा होऊ द्या. मग गॅस बंद करून मिनिटभर झाकण ठेवा आणि गाळा.

आलं पाण्यातच का? कारण कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. ते सरळ दुधात गेलं तर दूध फाटू शकतं. उकळत्या पाण्यात ते निकामी होतं, आणि मग दुधाला धोका नाही. उतू जाण्याचं कारणही समजून घ्या. दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश यांची वर साय धरते, खालची वाफ तिच्याखाली अडकते आणि सगळं एकदम वर येतं. म्हणून दूध घातल्यावर गॅससमोरून हलायचं नाही. ही सेंट्री ड्युटीच आहे.

पूड फार वेळ उकळली तर चहा कडक होत नाही, तुरट होतो. जीभ कोरडी पडल्यासारखी वाटते ते पुडीतल्या टॅनिनमुळे. कडक हवा असेल तर पूड वाढवा, वेळ नको.

ही सगळी विद्या मला मझौलीत मिळाली. मझौली जबलपूर जिल्ह्यात आहे, तिथलं विष्णुवराहाचं जुनं देऊळ काहींनी पाहिलं असेल. आमच्या घरात 'चहा' असतो आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की त्याची 'चाय' होते. थंडीत मटार तोडणीला येतो, तेव्हा काका-काकू पहाटेच शेतावर जातात. घरी आजी एकटी. तिला कंपवात आहे, हात थरथरतात, भरलेलं पातेलं उचलता येत नाही. काकूला आणखी लवकर उठवायला नको म्हणून तिने पहाटेचा चहाच सोडला होता, आणि "आता नको वाटतो" असं सगळ्यांना सांगितलं होतं. मागच्या हिवाळ्याच्या सुट्टीत मी तिला विचारलं, "आजी, मी करू? तू फक्त सांग." ती खुर्चीत बसून सांगत गेली. घड्याळ तिने बघूच दिलं नाही. "कच्च्या पुडीचा वास गेला की दूध घाल," एवढंच म्हणाली. तो वास खरंच बदलतो, नाक जवळ नेऊन बघा. तिला बशी धरवत नाही, म्हणून स्टीलचा पेला अर्धाच भरायचा आणि संपला की पुन्हा अर्धा. चहा जमला असेल तर ती काहीच बोलत नाही. नसेल जमला तर "आज घाई होती वाटतं" म्हणते.

सुट्टी संपल्यावर काय, हा प्रश्न होताच. त्यावर काकांनी वरून दाबायचा थर्मास आणला. तो उचलावा लागत नाही, पेला खाली ठेवून तळहाताने दाबलं की चहा येतो. काकू निघताना तो भरून ठेवते. तुमच्याही घरी कोणासाठी हे करायचं असेल तर दोन गोष्टी पाळा. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी घालून तो पाच मिनिटं तापवून घ्या, नाहीतर काही उष्णता थर्मासच खातो. आणि चहा नीट गाळून भरा, दाणे आत राहिले तर तो तुरट होत जातो. दुधाचा चहा दोन तासांत संपवावा, आणि थर्मास दररोज धुवावा. आजीला दाबायला जमतं. फोनवर ती चहाची तक्रार करते, म्हणजे पिते.

आपल्या देशात चहा पिणं शिकवावं लागलं, हेही सांगायला हवं. १९०३ साली चहावर खास कर बसवण्यात आला आणि त्या पैशातून प्रचार झाला. पुढे रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या पाट्या देशी भाषांत लागल्या. त्यांत पाणी उकळून पानं भिजवायची, दूध मागाहून, अशी इंग्रजी पद्धत होती. आपल्या चहावाल्यांनी दूध आणि मसाला वाढवला, पूड कमी केली. मळेवाल्यांना ते रुचलं नाही, पण जिंकले चहावालेच.

ज्यांना पुढे फौजेत जायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. जबलपूर समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, तिथे ८८ अंशांनाच उकळी येते. बुडबुडे तेवढेच दिसतात, पण पाणी कमी गरम असतं. त्यामुळे तिथे चहा उतरायला जास्त वेळ द्यावा लागतो, किंवा कुकर लागतो.

आणि ज्यांनी अजून चहा सुरूच केला नाही त्यांना घाई नाही. सुरू केलात तर जेवणाबरोबर पिऊ नका, चहामुळे अन्नातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. मध्ये तासभर जाऊ द्या. रात्रीच्या प्रेपला जागण्यासाठी तर नकोच. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच तासांनीही रक्तात असतो, आणि पी.टी.ची शिट्टी कोणासाठी थांबत नाही.

पातेलं लगेच पाणी घालून ठेवा, नाहीतर डाग घासताना हात दुखतील. गाळणीतला चोथा धुऊन साखर काढली की गुलाबाच्या कुंडीत चालतो. न धुता टाकलात तर मुंग्या येतील.