'नागरिक' आणि 'व्यक्ती'

माझी आजी १९४८ सालची एक आठवण सांगायची. रझाकारांच्या धाकानं मुखेडमधली आमच्या शेजारची हिंदू कुटुंबं निजामी हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली होती. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली आणि भिण्याची पाळी आमच्यावर आली. तेव्हा परतलेल्या त्याच शेजाऱ्यांनी आजीला लेकरांसकट आपल्या बळदात लपवलं. आजी म्हणायची, "तिकडं त्यांना कुणी कागद विचारला नाही, इथं त्यांनी आम्हाला विचारला नाही."

आज जीव मुठीत धरून आपल्या देशात आलेल्याला कागद विचारला जातो. नसेल तर पुढं वाटच नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. आश्रयाचा अर्ज कुणाकडे करायचा, तो कुणी तपासायचा, नाकारला तर दाद कुठं मागायची, यातलं काही कायद्यानं ठरवून दिलेलं नाही. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवा आला. निर्वासित कोण, हे दोन्हींत सांगितलेलं नाही. 'मी परकीय नाही' हे सिद्ध करायचं ओझंही संशयिताच्याच डोक्यावर. तिबेटींना, श्रीलंकेच्या तमिळांना, शेजारच्या तीन देशांतल्या बिगरमुस्लिमांना सरकारनं सवलती दिल्या, ते चांगलंच झालं. पण यादीत नसलेल्यानं काय करायचं?

मी कवी माणूस, कायद्याचा नव्हे. पण शब्दाशी अडखळायची सवय आहे. राज्यघटना मराठीत वाचताना असाच अडखळलो. अनुच्छेद १९ मधली भाषणाची, देशात कुठंही राहण्याची स्वातंत्र्यं 'नागरिकां'ना आहेत. १४ आणि २१ मध्ये मात्र शब्द आहे 'व्यक्ती'. कायद्यापुढं समानता आणि जीविताचं संरक्षण व्यक्तीला आहे. कागद नसलेल्याचा वकील कोर्टात उभा राहतो तो याच शब्दावर.

अरुणाचलातल्या चकमा लोकांना हुसकावण्याच्या धमक्या येऊ लागल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. नागरिक असोत वा नसोत, त्यांच्या जिवाचं रक्षण राज्यानं केलंच पाहिजे, असं न्यायालयानं १९९६ मध्ये बजावलं. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयानं म्यानमारमधून पळून आलेल्या सात जणांना दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुखरूप जाऊ द्यायला सांगितलं. पण त्याच्या महिनाभर आधीच सर्वोच्च न्यायालयानं जम्मूत अडकवलेल्या रोहिंग्यांना सोडायला नकार दिला होता. कायद्यानं ठरलेली पद्धत पाळल्याशिवाय परत पाठवू नका, एवढंच त्यांच्या पदरात पडलं. म्हणजे त्या शब्दाला अर्थ किती, हे अजून पक्कं ठरलेलं नाही.

ही पद्धत पाळणं म्हणजे नुसता कारकुनी सोपस्कार वाटेल. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही जणांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकललं गेलं. ते भारतीयच निघाले. परत आणावे लागले. परक्याला जिथं बाजू मांडू देत नाहीत, तिथं आपल्यालाही आपण आपले आहोत हे सांगता येत नाही.

आपल्याकडे एक सोय आहे, फार कुणाला ठाऊक नसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं कोठडीतल्या व्यक्तीला फुकट वकील मिळतो. इथंही शब्द 'व्यक्ती'च. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिच्याकडे नातेवाईक जाऊ शकतो, शेजारी जाऊ शकतो. मात्र तो माणूस कुठं कोंडलाय, हे आधी कुणाला तरी कळावं लागतं.