मावशीसाठी आश्रम पाहताना

वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याकडे लगेच कुजबुज सुरू होते, 'घरच्यांनी टाकलं वाटतं.' पण दरवेळी तसंच असतं असं नाही.

माझी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मूलबाळ नाही, काकाही गेले. मागच्या पावसाळ्यात ती रात्री न्हाणीत पडली, ती सकाळी दूधवाला येईपर्यंत तशीच पडून होती. आमच्याकडे राहायला ती तयार नव्हती. म्हणाली, "भाचीच्या सासरी किती दिवस राहू?" शेवटी तीच म्हणाली, "आश्रम बघ."

पहिला आश्रम मी एकटीच पाहून आले. बाग, देऊळ, चकचकीत ऑफिस. घरी येऊन कौतुक केलं. मावशीनं एकच विचारलं, "रात्री कोण असतं गं?" मला सांगता येईना. फोन केला, तर रात्री फाटकावरचा वॉचमन तेवढा. पडली होती ती रात्रीच, आणि मी नेमकं तेच विचारलं नव्हतं!

म्हणून पहिली गोष्ट, जिला राहायचंय तिला सोबत न्या. जेवणाच्या वेळेला जा. भाकरी मऊ आहे का, ज्यांना दात नाहीत ते काय खातात, ते बघा. मग संडास-न्हाणी बघा. कमोड आहे का, धरायला दांडी आहे का, फरशी निसरडी आहे का? साहेबांशी बोलून झालं की तिथल्या आज्यांजवळ दहा मिनिटं बसा. खरं त्याच सांगतात.

मग विचारा: रात्री हाक मारली तर कोण येतं? बीपी-शुगरच्या गोळ्या कोण देतं, त्याची वही आहे का? दवाखान्यात कोण नेतं? आणि माणूस अंथरुणाला खिळलं तर ठेवता का? बऱ्याच ठिकाणी स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. हे आधीच कळलेलं बरं.

पैशाचं सगळं लेखी घ्या. अनामत किती, परत किती मिळणार, महिन्याच्या पैशात औषधं धरलीत का? पैसे परवडत नसतील तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात अनुदानित वृद्धाश्रमांची चौकशी करा.

आणखी एक. आश्रमात जाते म्हणून घर-जमीन घाईनं कुणाच्या नावावर करू नका. करायचीच असेल तर 'मला सांभाळायचं' ही अट कागदावर लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार अट पाळली नाही तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. आईवडिलांना मुलांकडून पोटगीही मागता येते. मूल नसेल, तर ज्या नातेवाइकाला मालमत्ता मिळणार त्याच्याकडूनही. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा. माहिती हवी असेल तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा फुकट फोन आहे.

दुसऱ्या आश्रमात मावशी आधी महिनाभर राहून बघायला गेली. तिथं रात्री एक बाई त्याच दालनात झोपते. महिना झाल्यावर मावशी म्हणाली, "राहते." घर अजून तिच्याच नावावर आहे, किल्ली तिच्याच कमरेला. आम्ही भाच्या आळीपाळीनं दर रविवारी जातो, न कळवता.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. पण आधी घरातल्या म्हातारीला विचारा, तिला कशाची भीती वाटते. तिथूनच सुरुवात करायची.