नावानिशी काढलेली जनावरं

साताऱ्याच्या पूर्वेला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीला थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे. तिथंच त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही आहे, दगडात घडवलेल्या त्याच्या मूर्तीसह. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला जहागीर नि पालखीचा मान दिला, ही हकिकत साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवली. डफला त्यात राजाची लहर दिसली. लोकांनी मात्र त्या कुत्र्याचं नाव जपलं. खंड्या. शाहू महाराज १७४९ साली गेले, त्यालाही पावणेतीनशे वर्षं झाली. माहुलीत आजही ‘कुत्र्याची समाधी’ एवढ्यावर कुणी थांबत नाही, ‘खंड्याची समाधी’ म्हणतात.

जनावराचं व्यक्तिचित्र म्हणजे काय, हे मला खंड्यामुळं उमजतं. नुसता कुत्रा दाखवणं निराळं आणि हाच तो, असं दाखवणं निराळं. सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, माण, खटाव, आटपाडी, खानापूर या तालुक्यांत, ही कला आजही जोमात आहे, फक्त कुत्र्याची जागा बैलानं घेतली आहे. बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर, टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर, गोठ्याच्या दारावर, गच्चीवर उभारलेल्या सिमेंटच्या पुतळ्यात, सगळीकडं बैल आहे आणि त्याच्याखाली नाव आहे.

हा बैल खिलार. आटपाडी, म्हसवड हा त्याचा मूळ मुलूख. सांगलीच्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत आणि साताऱ्याच्या पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत त्याचे मोठे बाजार भरतात. त्याचं चित्र काढणं फार अवघड. रंग पांढरा किंवा राखी, आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर पांढरं जनावर उठून दिसावं कसं? म्हणून पेंटरला खांद्याच्या नि मागच्या पुठ्ठ्याच्या काळपट झाकेवर सगळी मदार ठेवावी लागते. शिंगं कपाळावर जवळजवळ उगवतात, मागं झुकतात, मग वर वळून टोकाला निमुळती होतात. हा वळसा चुकला की बैल कुठल्या तरी दुसऱ्या मुलखाचा होतो. कपाळ लांब, अरुंद, मधोमध खोलगट. कॅलेंडरवरच्या नंदीची सवय झालेला हात वशिंड मोठं करतो, मानेखालची पोळी लोंबती ठेवतो. खिलाराची कातडी अंगाला घट्ट असते. आणि एवढं सगळं जमलं तरी ते जातीचं चित्र झालं, मालकाच्या सर्जाचं नव्हे. मालक बघतो भोवरा कुठं आहे, डावं शिंग उजव्यापेक्षा किती कललंय, उभा राहताना मान कशी धरतो. तिथं पटलं तरच चित्र पसंत.

खरं तर पेंटरच्या आधी पहिलं रेखाटन मालकानं केलेलं असतं, नाव ठेवताना. पांढऱ्या, चांद्या, हरण्या: एकेक नाव म्हणजे रंगाची किंवा अंगावरच्या खुणेची नोंद. सोन्या, राजा, लक्ष्या या नावांत मालकाची माया. शर्यतीच्या मैदानानं त्यात वेगळीच भर घातली. बैलगाडी शर्यतींवर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. मैदानं पुन्हा भरली तेव्हा खानापूर तालुक्यातल्या भाळवणीच्या मैदानात बकासुर आणि महिब्या या बैलजोडीनं बक्षिसाची थार गाडी जिंकली, आणि बकासुर हे पुराणातलं राक्षसाचं नाव घराघरांत लाडानं घेतलं जाऊ लागलं. ज्यांनी त्याला कधी हातही लावला नाही, त्यांच्या मोबाईलवर त्याचा फोटो असतो.

याच दुष्काळी पट्ट्यानं, माणदेशानं, एक असा माणूसही दिला, ज्याच्या हातात पेन आणि पेन्सिल दोन्ही होती. आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. चित्रकार व्हायची त्यांची ओढ होती, आणि रानात वही घेऊन बसायची सवय शेवटपर्यंत होती. ‘सत्तांतर’ या कादंबरीत, जिला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष आहे. माडगूळकरांनी वानरांना मुडा, बोथरी, लालबुड्या अशी नावं दिली. अंगावरची खूण हेरून नाव द्यायची ही गावाकडची रीत. वानरं माणसासारखी बोलत नाहीत, तरी शेवटी आपण मुडाला ओळखत असतो. मराठीत जनावराचं याहून चांगलं व्यक्तिचित्र मी वाचलेलं नाही.

बेंदराला, आषाढातल्या पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या बैलांच्या सणाला, हीच कला भिंतीवरून उतरून बैलाच्या अंगावर येते. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवून त्यांना बेगड लावतात, शेंब्या बसवतात, अंगावर ठिपके उमटवतात, आणि पुष्कळ ठिकाणी पाठीवर रंगानं नावही लिहितात. पावसाची एक सर आली की सगळं वाहून जातं. भिंतीवरचं चित्रही पुढच्या रंगकामात पुसलं जातं, आणि ज्यानं काढलं त्याचं नाव बहुतेक वेळा कुठंच नसतं. याचं मला वाईट वाटतं. आटपाडी एके काळी औंध संस्थानात होती. त्या औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि १९३८ साली त्यांनी डोंगरावर उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं नि हेन्री मूरचं शिल्प नांदतं आहे. तिथं एक भिंत या बैलांसाठी मिळावी, असं मला मनापासून वाटतं. तोवर गावोगावच्या पेंटरांनी निदान चित्राखाली बैलाच्या नावाशेजारी गाव आणि साल लिहावं, आणि स्वतःची सहीही करावी.