निसर्गाचा गारवा आणि चेन्नईची हवा

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यासमोर एक जुनी, गोलाकार वास्तू उभी आहे. ती १८४२ साली बर्फ साठविण्यासाठी बांधली गेली. अमेरिकेतील बॉस्टनजवळची तळी हिवाळ्यात गोठत. त्यांतील बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात रचून फ्रेडरिक ट्यूडर हा व्यापारी त्या जहाजांनी येथे पाठवीत असे. पुढे १८९७ साली स्वामी विवेकानंदांचे या वास्तूत वास्तव्य झाले. आज ती ‘विवेकानंदर इल्लम’ या नावाने ओळखली जाते.

हा बर्फ गोठविण्यास यंत्र लागले नव्हते. निसर्गाने दिलेला आयता गारवा वापरण्याची हीच युक्ती वातानुकूलनातही योजतात. तिला आपण नैसर्गिक शीतन म्हणू. मोठ्या इमारतीत माणसे, दिवे व यंत्रे यांमुळे हिवाळ्यातही उष्णता साचते. अशा वेळी बाहेरची हवा पुरेशी गार असल्यास ती केवळ पंख्याने आत घ्यावयाची आणि कॉम्प्रेसर बंद ठेवावयाचा; विजेचा मोठा वाटा त्यालाच लागतो.

पुण्यात जानेवारीच्या रात्री पारा सुमारे १२ अंश सेल्सियसपर्यंत उतरतो आणि हवेत बाष्पही थोडे असते. तेथे ही युक्ती साधते. चेन्नईत त्याच महिन्यात पारा सुमारे २१ अंशांपर्यंतच उतरतो. खोलीत २४ अंश तापमान राखावयाचे असेल, तर ही हवाही गारच नव्हे काय?

येथे तापमापक अर्धेच सत्य सांगतो. समुद्रावरील हवा बाष्पाने भरलेली असते. १ किलोग्रॅम बाष्पाचे पाणी करण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. १ किलोग्रॅम बर्फ वितळताना मात्र ८० किलोकॅलरीच शोषून घेतो. म्हणजे किलोभर बाष्प निवविण्यास सात किलोंहून अधिक बर्फ खर्ची पडेल! म्हणून दमट हवा आत घेतल्यास वीज वाचण्याऐवजी अधिकच लागण्याचा संभव असतो. झडप उघडण्यापूर्वी तापमान व आर्द्रता ही दोन्ही मोजली पाहिजेत.

मग चेन्नईने काय करावे? श्वासासाठी ताजी हवा तर हवीच. ती आत येताना, बाहेर टाकल्या जाणाऱ्या थंड व कोरड्या हवेशी तिची गाठ घालून देता येते. दोहोंमध्ये फिरणारे एक चक्र ताज्या हवेतील उष्णता व बाष्प शोषून बाहेर जाणाऱ्या हवेस देते. खिडक्यांवर सावली केली, तर यंत्राचा भार आणखी हलका होतो.

ट्यूडरच्या भुशाने गारवा निर्माण केला नाही; हाती आलेला गारवा राखला. चेन्नईसारख्या दमट नगरीस तोच मार्ग अधिक हिताचा आहे.