व्हिएन्नात मिळालेले पाच तास

परदेशी स्थायिक झालेल्या मुलाबाळांना भेटायला जाण्याचा योग आता आपल्यांतील पुष्कळ घरांना येऊ लागला आहे. जाताना किंवा येताना युरोपच्या एखाद्या राजधानीत विमान बदलावे लागते आणि मधले सात-आठ, कधी दहा तास मोकळे सापडतात. बरीच मंडळी हा वेळ विमानतळाच्या खुर्चीत पेंगत काढतात. काही उत्साही मंडळी शहर गाठतात. पण तेथे गेल्यावर राजवाडे, पुतळे, चित्रशाळा आणि बाजार यांच्यामागे अशी काही धावतात, की घरी परतल्यावर पायांच्या गोळ्यांखेरीज दुसरे काही आठवत नाही.

अर्ध्या तासाची बैठक मिळालेल्या गवयाने विलंबित ख्याल, द्रुत ख्याल, तराणा, ठुमरी आणि वर भैरवी असा सारा पसारा मांडला, तर ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडणार? शहाणा गवई एकच राग आणि त्यातली एकच बंदिश धरतो, आणि श्रोता ती गुणगुणत घरी जातो. शहर पाहण्याचेही तसेच आहे. वेळ थोडा असेल तर सूत्र एकच धरावे आणि बाकीचे खुशाल सोडून द्यावे. सोडून देण्याचे दुःख होते खरे. पण त्यावाचून हाती काही लागत नाही.

गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर मला व्हिएन्नात नऊ तास मिळाले. ऑस्ट्रियाची ही राजधानी म्हणजे पाश्चात्य संगीताची काशीच. मी जन्माने दरबारी गवयाचा मुलगा आणि पेशाने गायनमास्तर. तेव्हा माझे सूत्र शोधावे लागले नाही. गवई आणि त्याचा धनी यांचे नाते या शहरात कसे होते आणि त्याचे पुढे काय झाले, एवढेच पाहायचे मी ठरवले. आपल्या बडोद्यातल्या जुन्या घरांना हा विषय परका वाटू नये.

आधी हिशेब सांगतो. नऊ तासांचे नऊ तास कधीच हाती येत नाहीत. उतरून तपासणी होऊन बाहेर पडायला एक तास, सुटण्यापूर्वी परत येऊन बसायला दोन तास, आणि जाण्यायेण्याचा एक तास, असे चार तास वजा करावेत. उरले पाच. सहा तासांहून कमी अवधी असेल तर बाहेर पडण्याच्या भरीस पडू नये. भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांनी शेंगेन व्हिसा आधीच काढलेला हवा. त्यावाचून विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही. मोठे सामान पुढच्या विमानात परस्पर जाईल अशी व्यवस्था निघतानाच करावी. विमानतळावरून शहराच्या मध्यापर्यंत एक खास गाडी १६ मिनिटांत नेते, पण तिचे भाडे चढे आहे. एस-७ नावाची साधी लोकल तेच अंतर सुमारे २५ मिनिटांत आणि पुष्कळ स्वस्तात कापते. विन मिट्टे या स्थानकावर उतरून भुयारी गाडीचे दोन थांबे गेले, की आपण थेट सेंट स्टीफनच्या चर्चसमोर वर येतो.

या चर्चचा दक्षिणेकडचा मनोरा १३६ मीटर उंच आहे. १६८३ च्या वेढ्यात तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफांच्या धातूतून १७११ साली येथील प्रचंड घंटा ओतली गेली. १९४५ च्या आगीत ती कोसळून फुटली आणि तिच्याच तुकड्यांतून १९५१ साली नवी घंटा ओतण्यात आली. पण माझे पाऊल येथे थबकले ते निराळ्या कारणाने. जोसेफ हायडन नावाचा खेड्यातला, चाके घडवणाऱ्या कारागिराचा मुलगा १७४० साली याच चर्चच्या गायकवृंदात गाण्यासाठी आला. आवाज फुटेपर्यंत तो येथे गायला. मग त्याला बाहेरची वाट दाखवण्यात आली. आवाज फुटला की पोराला कोण विचारतो, हा अनुभव काही एकट्या व्हिएन्नाचा नव्हे.

चर्चच्या मागल्या अंगाला सिंगर गल्लीत सात नंबरचे घर म्हणजे जर्मन सरदारसंघाचा जुना वाडा. आतले अंगण शांत आहे आणि भोवताली उंच भिंती. १७८१ च्या वसंतात साल्झबर्गचे आर्चबिशप आपल्या लवाजम्यासह येथे उतरले होते आणि त्यांनी आपल्या पदरचा पंचवीस वर्षांचा वादक येथे बोलावून घेतला होता. तो वादक मोझार्ट. साऱ्या युरोपच्या राजेरजवाड्यांनी लहानपणी ज्याचे कौतुक केले, त्याला या वाड्यात जेवायला पंगत मिळाली ती नोकरांची: खासगी हुजऱ्यांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर. त्याने वडिलांना लिहिलेल्या पत्रांत हा अपमान सविस्तर आला आहे. बाहेर स्वतंत्रपणे वाजवून पैसा मिळवायला धन्याची परवानगी मिळेना. मोझार्टने राजीनामा पुढे केला आणि जून महिन्यात धन्याच्या कारभाऱ्याने त्याला लाथ मारून बाहेर घालवले.

ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यातली दुसरी बाजू मात्र फारसे कोणी सांगत नाही. मोझार्टचे वडील लेओपोल्ड हे त्याच आर्चबिशपांच्या दरबारात नोकरीला होते. मुलाने नोकरी सोडू नये म्हणून त्यांनी पत्रामागून पत्रे लिहिली. त्यांच्या दृष्टीने मुलगा नुसती नोकरी सोडत नव्हता. घराण्याच्या अन्नाला पाठ दाखवत होता. त्या अंगणात उभा असताना मला मुलापेक्षा बापाचीच आठवण अधिक झाली.

माझ्या वडिलांना दरबाराची अगदी शेवटची काही वर्षे लाभली. मी त्यांना उतारवयात झालेला मुलगा. १९४९ साली बडोदे संस्थान विलीन झाले तेव्हा ते पुरते विशीतही नव्हते. पण दरबारी पोशाख त्यांनी पेटीत कडुनिंबाचा पाला घालून जन्मभर जपला आणि आम्हां मुलांना तो खेळायला म्हणून कधी दिला नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत कलावंतांच्या खात्याला लेखी नियम होते. हजेरी, रजा, दंड सारे कलमवार. तरुणपणी मला या नियमांचा राग येई. "कलावंताला कसली हजेरी?" असे मी एकदा तावातावाने म्हणालो. अण्णा शांतपणे म्हणाले, "हजेरी होती म्हणून पगार होता, आणि पगार होता म्हणून रियाज होता." त्या वेळी मला ते उत्तर पटले नव्हते. अजूनही पुरते पटले आहे असे नाही. व्हिएन्नात मी ते पुन्हा ताडून पाहिले.

वाड्यापासून दोन मिनिटांवर डोम गल्लीत पाच नंबरच्या घरी मोझार्ट १७८४ ते १७८७ पर्यंत राहिला. आता तेथे संग्रहालय आहे. जागा ऐसपैस आहे. भाडे जबर होते. 'फिगारोचे लग्न' हा त्याचा विख्यात ऑपेरा येथेच लिहिला गेला. १७८५ च्या फेब्रुवारीत याच घरी हायडन पाहुणा म्हणून आला आणि मोझार्टने त्याला अर्पण केलेल्या चतुष्कांपैकी काही रचना त्याने ऐकल्या. लेओपोल्ड त्या वेळी मुलाकडे आलेले होते. आपल्याला ठाऊक असलेल्या सर्व रचनाकारांत तुमचा मुलगा श्रेष्ठ आहे, अशी ग्वाही हायडनने त्यांना दिली. एका दरबारी माणसाने दुसऱ्या दरबारी माणसाला, नोकरी सोडलेल्या मुलाबद्दल दिलेली ही पावती आहे. या घरात घालवलेला पाऊण तास सत्कारणी लागला असे मी समजतो. मोझार्टची मुक्तीही संपूर्ण नव्हती, हेही येथेच सांगितले पाहिजे. १७८७ च्या अखेरीस सम्राटाच्या दरबारी ८०० फ्लोरिन सालीना वेतनावर त्याने पुन्हा नोकरी धरलीच.

येथून ग्राबेन आणि कोलमार्क्ट या हमरस्त्यांनी राजवाड्याकडे निघावे. वाटेत केसांचा टोप आणि लाल कोट घातलेले तिकीटविक्रे प्रवाशांना गाठतात आणि सायंकाळच्या जलशाची तिकिटे पुढे करतात. ज्याने तो पोशाख चढवायला नकार दिला, त्याच्या नावावर आज दुसरी माणसे तोच पोशाख घालून पोट भरतात! त्यांना हसू नये. तीही नोकरीच आहे.

राजवाड्यासमोरच्या मिखाएल चौकात एक मोठे जुने घर आहे. चर्चमधून बाहेर पडलेला हायडन याच घराच्या माळ्यावर गळक्या छपराखाली राहिला. खालच्या मजल्यांवर दरबारी कवी मेटास्टासिओ राहत असे आणि एस्टरहाझी सरदारांची आईही. पुढे १७६१ साली हायडन याच एस्टरहाझींच्या चाकरीत शिरला आणि जवळजवळ तीस वर्षे राहिला. त्याचा करारनामा आजही वाचायला मिळतो. पांढरे मोजे, स्वच्छ कपडे, पावडर लावलेले केस. सकाळी आणि दुपारी धन्याच्या दालनाबाहेर हजर राहून आज संगीत हवे की नको हे विचारायचे. आणि रचलेले संगीत धन्याचे. आपल्याकडची कलमे त्यापुढे सौम्यच म्हणायची!

पण याच हायडनने उतारवयात सांगितले, की जगापासून दूर पडल्यामुळे मला बिचकवणारे कोणी नव्हते आणि म्हणून मला स्वतंत्र होणे भागच पडले. हाताशी रोज वाद्यवृंद होता. एखादी कल्पना सुचली की ती दुसऱ्या दिवशी वाजवून पाहता येई. १७७२ साली धन्याने वादकांना बायकामुलांपासून फार दिवस दूर ठेवले, तेव्हा हायडनने एक सिंफनी अशी रचली, की शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो. धन्याने ओळखले आणि घरी जाण्याचा हुकूम सुटला. अर्ज न करता सुरांत तक्रार मांडणे आणि धन्याने ती सुरांतच समजून घेणे, ही दरबाराची उजळ बाजू होय. अण्णांचे म्हणणे येथे मला बरेचसे उमगले.

राजवाड्याला वळसा घालून ऑपेराकडे येताना लोब्कोविट्झ सरदारांचा वाडा लागतो. आता तेथे नाट्यसंग्रहालय आहे. बीथोव्हेनची तिसरी सिंफनी १८०४ साली प्रथम याच वाड्यात खासगीत वाजली. बीथोव्हेनने कोणाचाही पोशाख चढवला नाही. उलट १८०९ साली तो शहर सोडून निघाला असे दिसताच तीन सरदारांनी मिळून त्याला सालीना ४,००० फ्लोरिन बांधून दिले. अट एकच: व्हिएन्ना सोडायचे नाही. हजेरी नाही, हुकूम नाही. पण दोनच वर्षांत चलनाची किंमत घसरली, एक सरदार घोड्यावरून पडून वारला, एकाचे दिवाळे निघाले, आणि बीथोव्हेनला आपल्या तनख्यासाठी कोर्टकचेरी करावी लागली. स्वातंत्र्यालाही महागाई असते, ती अशी.

समोरच्या ऑपेरागृहाचे नाव एके काळी 'दरबारी ऑपेरा' असे होते. १८६९ साली ते मोझार्टच्या रचनेने उघडले. १९१८ साली सम्राट गेले आणि नाव बदलून 'सरकारी ऑपेरा' झाले. १९४५ च्या बाँबवर्षावात इमारत जळाली. १९५५ साली बीथोव्हेनच्या 'फिडेलिओ'ने ती पुन्हा उघडली. धनी बदलला, गाणे चालू राहिले. बडोद्यातही १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली उघडलेली गायनशाळा पुढे विद्यापीठात विलीन झालीच की! आम्ही मास्तर लोक आता तेथे आणि इतर ठिकाणी हजेरीपत्रकावर सह्या करतो.

येथे तासभर कॉफीगृहात बसावे. कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो आणि उठा असे कोणी सुचवीत नाही. रविवारी दुकाने बंद असतात. त्याची खंत करू नये, तेवढा वेळ वाचतो.

दीड-दोन तास उरले असतील तर श्वार्त्सेनबेर्ग चौकातून ७१ नंबरची ट्राम पकडून मध्यवर्ती स्मशानभूमीच्या दुसऱ्या दारापाशी उतरावे. व्हिएन्नातले लोक कोणी वारले की तो '७१ ने गेला' असे म्हणतात. बत्तीस-अ या विभागात बीथोव्हेन आणि शूबर्ट शेजारी शेजारी आहेत. १८८८ साली शहराने त्यांना मानाने येथे आणले. मध्ये मोझार्टचे नुसते स्मारक आहे. १७९१ साली त्याला सामान्य जागेत पुरले आणि नेमकी जागा आज कोणालाच ठाऊक नाही. हायडन येथे नाहीच. १८२० साली एस्टरहाझींनी त्याचे अवशेष आपल्या गावी, आयझेनश्टाट येथे नेले. तेव्हा उघडकीस आले, की कवटी आधीच चोरीस गेली आहे. ती धडाजवळ पोचायला १९५४ साल उजाडले.

तिघांपैकी एकाला धन्याने मेल्यावरही सोडले नाही, एकाला कोणीच सांभाळले नाही आणि एकाला शहराने आपले म्हटले. यांपैकी कोणाचे बरे झाले, याचा निवाडा मी करीत नाही. मला इतकेच दिसले, की गाणाऱ्याला कोणाचा तरी आधार लागतोच, आणि तो आधार पुढे शहराने उचलला तर ते शहर मोठे होते. दरबार गेलेल्या आपल्या गावाने हे ध्यानात ठेवावे.

परतताना त्याच ट्रामने रेनवेग थांब्यावर उतरावे. विमानतळाची लोकल तेथेच मिळते. पुन्हा शहराच्या मध्यात जाण्याचे कारण नाही.