परदेशस्थाचे स्वदेशातील खाते

मराठी मध्यमवर्गीय घरातील मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त परदेशी जावयास निघाली म्हणजे व्हिसा, विमानाचे तिकीट, दोन बॅगांचे वजन आणि त्यांत कोंबावयाचे मेतकूट व लोणचे यांचा जितका खल होतो, त्याच्या शतांशानेही जिचा विचार होत नाही अशी एक बाब म्हणजे कोपऱ्यावरच्या शाखेतील बचत खाते. महाविद्यालयात प्रवेश घेताना उघडलेले, वडिलांचे नाव संयुक्त खातेदार म्हणून असलेले, पहिला पगार ज्यात जमा झाला असे हे खाते ‘असू द्यावे, काही खायला मागत नाही’ या सर्वसंमत न्यायाने मागे ठेवले जाते. खाते ठेवण्यास कायद्याची मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती ते पूर्वीच्याच नावाने व पूर्वीच्याच रीतीने चालविण्यास.

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे सर्वतोमुखी झालेला ‘फेमा’, १ जून २००० पासून अंमलात आहे. या कायद्याच्या दृष्टीने जो मनुष्य नोकरीसाठी, धंद्यासाठी अथवा अनिश्चित काळ बाहेर राहण्याचा इरादा दर्शविणाऱ्या अन्य कोणत्याही कारणासाठी देश सोडतो, तो सोडतो त्या क्षणापासून अनिवासी ठरतो. आपल्याकडे मात्र १८२ दिवसांचा हिशेब इतका तोंडपाठ झालेला आहे की, सहा महिने उलटेपर्यंत काहीच करावयाचे नसते अशी सुशिक्षितांचीही ठाम समजूत आढळते. दिवस मोजण्याचा तो रिवाज आयकराच्या प्रांतातला. फेमातही दिवसांचा उल्लेख आहे खरा, पण देश सोडणाऱ्याच्या बाबतीत तेथे इराद्याचे पारडे जड. त्यामुळे १० डिसेंबरला दुबईत नोकरीवर रुजू झालेला गृहस्थ त्या आर्थिक वर्षापुरता आयकर खात्याच्या लेखी निवासी आणि फेमाच्या लेखी अनिवासी असा एकाच वेळी असतो; दोन्ही दप्तरे सरकारचीच, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थीही, रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये केलेल्या खुलाशानुसार, अनिवासीच होत. नातवंडाच्या बारशासाठी तीन महिने न्यू जर्सीस जाणाऱ्या आजीआजोबांना यांतले काहीही लागू नाही.

अनिवासी झाल्याचे बँकेस कळविले की जुने खाते बंद पडत नाही. त्याचे एनआरओ खात्यात रूपांतर होते. घरभाडे, लाभांश, निवृत्तिवेतन असे भारतात उपजणारे उत्पन्न त्यात जमा होते. त्याच्या व्याजातून बँक ३० टक्के आणि वर उपकर मुळातच कापून घेते. तथापि ज्या देशाशी आपला दुहेरी कर टाळण्याचा करार आहे तेथील कर-निवासाचा दाखला दिल्यास हा दर उतरतो. कर चुकता केल्याचे कागद जोडून अशा खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतची रक्कम बाहेर नेता येते. परदेशातील कमाईसाठी दुसरे, एनआरई खाते. त्याचे मुद्दल व व्याज हवे तेव्हा परत नेता येते, आणि व्याजावर भारतात कर नाही. मात्र ते रुपयांत असल्याने विनिमयाच्या दराचा तोटा खातेदाराच्या माथी बसतो. तो ज्यांना नको, त्यांच्यासाठी परकीय चलनातच ठेवावयाची एफसीएनआर ही एक ते पाच वर्षे मुदतीची ठेव आहे.

ही करमाफी म्हणजे परदेशस्थ लेकरांवरील सरकारचे वात्सल्य, असे कोणी मानू नये. या देशाला डॉलरची निकड वारंवार भासली, हे त्या सवलतीचे खरे मूळ. १९९१ च्या अरिष्टात, इतर कारणांबरोबरच, अनिवासींनी आपल्या ठेवी काढून घेण्यास प्रारंभ केला आणि रिझर्व्ह बँकेस सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवावे लागले. पोखरणच्या चाचण्यांनंतर १९९८ मध्ये स्टेट बँकेने अनिवासींना रोखे विकून सुमारे ४.२ अब्ज डॉलर उभे केले, आणि २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हाही याच मंडळींच्या ठेवींकडे धाव घेण्यात आली.

मराठी कुटुंबाची खरी अडचण संयुक्त खात्यात आहे. मुलाच्या खात्यातून वडील आजवर निःशंकपणे पैसे काढीत असतात. परंतु ते खाते एनआरओ झाले की निवासी वडिलांचे नाव त्यावर राहू शकते, पण व्यवहाराचा हक्क मुलाच्या हयातीत मुलाचाच, म्हणून वडिलांना त्याचे मुखत्यारपत्र लागते. ज्यांना हे अवघड वाटते, त्यांनी उलट बाजूने विचार करावा: निवासी वडील स्वतःच्या खात्यावर अनिवासी मुलाचे नाव ‘दोघांपैकी कोणीही’ या रीतीने लावू शकतात, मात्र ते खाते वडिलांच्या पैशाचे आणि वडिलांच्या गरजांचेच राहिले पाहिजे. मुलगा अमेरिकेत असेल तर त्यातही एक मेख आहे. तेथील कर-निवासी माणसाच्या परदेशांतील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षातून एकदाही १०,००० डॉलरवर गेली, तर त्याने ती सर्व खाती तेथील सरकारास कळवावी लागतात. आणि वडिलांचे हे खातेही, केवळ त्याचे नाव त्यावर आहे म्हणून, त्या गणनेत येते. शिवाय भारतात करमुक्त असलेले एनआरई व्याज तिकडे करपात्रच आहे.

हलगर्जीपणाची शिक्षा कायद्यात कठोर आहे. नियमभंगाची रक्कम निश्चित करता आली तर दंड तिच्या तिपटीपर्यंत, आणि न करता आली तर दोन लाख रुपयांपर्यंत. पण सर्वसामान्य खातेदारास जो त्रास होतो तो दंडापेक्षा क्षुल्लक आणि अधिक चिवट असतो. जुना मोबाइल क्रमांक न वापरल्याने रद्द होतो, मग ओटीपी येईनासा होतो आणि ओळखपडताळणीची पत्रे रिकाम्या फ्लॅटच्या दारात पडून राहतात. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. ती बुडत नाही, मागता येते, आणि २०२३ पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर शोधताही येते. परंतु मागणारा मुलगा शिकागोत आणि शाखा साताऱ्यात असली म्हणजे ‘मागता येते’ या आश्वासनाची किंमत कळते.

तेव्हा परदेशी निघालेल्यांनी आणि त्यांना निरोप देणाऱ्यांनी एक सकाळ शाखेसाठी राखून ठेवावी. चार बँकांत विखुरलेली खाती बंद करून एकच ठेवावे. ते सहकारी बँकेत असेल तर अनिवासी खाती चालविण्याची मुभा तिला आहे की नाही हे आधी विचारावे. वारसाचे नामनिर्देशन तपासावे, मुखत्यारपत्राचा मसुदा करून घ्यावा, आणि परदेशातील पत्ता हाती येताच पासपोर्ट व व्हिसाच्या प्रतींसह रूपांतराचा अर्ज द्यावा. खिडकीपलीकडून ‘बघू सावकाश’ असे उत्तर आले, तरी अर्जाची पोच घेतल्यावाचून तेथून हलू नये.