नाक वर केलेला ट्रक

अमेरिकेतल्या शोरूमबाहेर उभ्या असलेल्या नव्या कोऱ्या पिकअप ट्रककडे बाजूने पाहिले, तर तो पुढे किंचित झुकलेला दिसतो. मागची बाजू पुढच्यापेक्षा इंच-दोन इंच उंच असते. हा कारखान्याचा गलथानपणा नव्हे. हौद्यात वाळू, विटा, लाकूड भरले किंवा मागे ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. रिकाम्या गाडीचा हा झुकाव म्हणजे पुढे येणाऱ्या ओझ्याची आगाऊ तरतूद.

फोर्डची एफ-सिरीज १९७७ पासून अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि यांतल्या कित्येक गाड्यांच्या हौद्यात वाळूचा कणही पडत नाही. त्या ऑफिसला जातात, पोरांना शाळेत सोडतात, सुट्टीच्या दिवशी जंगलवाटेला लागतात. अशा मालकाला ते खाली घातलेले नाक खुपते. शिवाय मोठे टायर बसवायचे तर पुढे जागा हवी. म्हणून तो ‘लेव्हलिंग किट’ विकत घेतो. पुढचा भाग दोन-अडीच इंच उचलायचा आणि गाडी सपाट करायची, एवढाच त्याचा उद्देश.

पूर्वी हे काम वेगळे होते. ‘बॅक टू द फ्यूचर’ या १९८५ च्या चित्रपटात नायकाला भुरळ घालणारा काळा टोयोटा पिकअप आठवून पाहा. त्याच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा अखंड आस होता. असा आस पाट्यांवर बसलेला असेल, तर उंच पाटे घातले की काम बरेचसे झाले. पण १९८६ च्या मॉडेलपासून टोयोटाने अमेरिकेतल्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचे पुढचे सस्पेन्शन बदलले आणि प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होऊ लागले. जनरल मोटर्सच्या १९८८ च्या नव्या ट्रकांनीही तीच वाट धरली. त्यांत स्प्रिंगऐवजी पिळली जाणारी लांब पोलादी कांब होती, ‘टॉर्शन बार’. तिचा बोल्ट आवळला की नाक वर. इतका स्वस्त लिफ्ट पुन्हा मिळाला नाही. एफ-१५० मध्ये २००४ च्या मॉडेलपासून टॉर्शन बार गेला आणि स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला स्ट्रट आला. आज बहुतेक काम याच स्ट्रटवर चालते.

या रचनेत चाकाला चेसिसशी धरून ठेवणारे दोन आर्म असतात, एक वर आणि एक खाली. त्यांच्या टोकांच्या बॉल जॉइंटमध्ये चाक पेलणारा ओतीव भाग, म्हणजे नकल, बसतो. स्ट्रटचे वरचे टोक चेसिसच्या कोनाड्यात आणि खालचे खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर. दाराला बिजागरी आणि कडी यांच्या मधोमध इंचभर ढकलले तर कडी दोन इंच सरकते, तसेच इथे घडते. स्ट्रटच्या डोक्यावर इंच-सव्वा इंचाची चकती बसवली की गाडीचे नाक जवळपास दुपटीने वर येते. ही चकती म्हणजे स्पेसर.

दुसऱ्या प्रकारचा स्पेसर स्ट्रटच्या आत, स्प्रिंगच्या वर बसतो. त्यासाठी स्ट्रट खोलावा लागतो, आणि दाबलेल्या स्प्रिंगमध्ये इतकी ताकद कोंडलेली असते की ती निसटली तर जीव जाऊ शकतो. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि सरावलेला हात नसेल, तर त्या वाटेला कोणी जात नाही. शिवाय या प्रकारात शॉक उभ्या गाडीतच जास्त ताणलेला राहतो. खड्ड्यात चाक खाली सुटले की त्याची हद्द लवकर संपते आणि ‘ठक्’ असा आवाज येतो.

डोक्यावरच्या स्पेसरचे काम घरच्या गॅरेजातही होते. आधी मागच्या चाकांना अडण्या लावायच्या आणि जॅकने पुढचा भाग उचलून चेसिस लोखंडी घोड्यांवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही. चाके काढून स्टॅबिलायझर बारची लिंक आणि टाय रॉड सोडवायचे. वरच्या बॉल जॉइंटचा नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. नकलच्या बाजूवर हातोड्याचे दोन-चार नेमके ठोके दिले की घट्ट बसलेला निमुळता दांडा सुटतो, आणि अर्धवट ठेवलेला नट तेव्हा नकलला कोसळू देत नाही. मग नकल तारेने बांधून ठेवायची. ती लोंबकळली, तर ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते, ड्राइव्ह शाफ्टचा सांधाही निखळू शकतो.

आता स्ट्रटचे वरचे नट आणि खालचे बोल्ट काढून तो बाहेर घ्यायचा, डोक्यावर स्पेसर आवळायचा आणि परत चढवायचा. खरा घाम इथे निघतो, कारण स्ट्रट लांब झाला आहे आणि जागा तेवढीच आहे. खालचा आर्म पहारीने दाबून भोकाला भोक जुळवावे लागते.

आर्मचे बोल्ट सैल केले असतील, तर ते हवेत लोंबकळत्या चाकांनिशी घट्ट करायचे नसतात. त्यांतले रबरी बुश लोखंडी नळीला चिकटलेले असतात आणि आवळताना ज्या कोनात असतील, तोच त्यांचा विसाव्याचा कोन ठरतो. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच टॉर्क रेंचने शेवटची आवळणी होते. नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

नाक वर आले, तरी काम संपत नाही. आर्म खाली झुकल्याने चाकांचे कोन बदलतात. टायरची आतली किंवा बाहेरची कड झिजू लागते. चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कॅस्टर, सहसा कमी होतो आणि हायवेवर गाडी सरळ राहण्याऐवजी भरकटते. म्हणून व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी हवी. हेडलाइटचे झोतही वर सरकतात आणि समोरच्याचे डोळे दिपवतात, तेही खाली आणावे लागतात. अनेक नव्या गाड्यांत काचेमागचा कॅमेरा लेन पाहतो आणि ब्रेक लावतो, त्याचीही नव्याने जुळणी लागू शकते.

दोन-अडीच इंचांच्या पुढे मूळचे भाग साथ सोडतात. बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्ट आपल्या कोनाच्या टोकाला पोचतात, रबरी बूट फाटून ग्रीस उडते. चार-सहा इंचांच्या किटमध्ये म्हणूनच डिफरन्शियल खाली आणणारे ब्रॅकेट, नवे क्रॉसमेंबर आणि वेगळ्या नकल येतात. खर्चही त्याच पटीत वाढतो.

नाक उचलण्याची हौस हाताबाहेर गेली, ती अमेरिकेच्या आग्नेय भागात. पुढचा भाग भरपूर वर आणि मागचा खाली, अशा ‘कॅरोलिना स्क्वॉट’ची लाट आली. चालकाला बोनेटपलीकडचा रस्ता दिसेना आणि दिव्यांचे झोत आभाळाला लागले. शेवटी नॉर्थ कॅरोलिनाने १ डिसेंबर २०२१ पासून पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच ठेवायला बंदी केली. व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये असेच कायदे केले.

भारतात पिकअप म्हणजे मुख्यतः मालवाहू गाडी. पण इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेली टोयोटा हायलक्स यांच्या पुढच्या बाजूला हेच दोन आर्म आणि हीच स्प्रिंग आहे, त्यामुळे स्पेसर इथेही बसतो. मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून पुण्या-नाशिकच्या मालकाला पाना उचलण्याआधी आरटीओत चौकशी करावी लागते आणि विमा कंपनीलाही विचारून घ्यावे लागते.